एन वजा एक

कोर्सला आम्ही एक लाख बारा हजार.
पहिल्या आठवड्यानंतर किती उरलो ते कोणी सांगत नाही,
मीही विचारलं नाही.

मनीषनगरातल्या एका सोसायटीचं फाटक,
फाटकाला लागून पत्र्याची केबिन,
केबिनमध्ये मी, रजिस्टर
आणि मोबाइलमधले मास्तर.
खालच्या पट्टीवर त्यांची अक्षरं पळतात,
मी थांबवतो, मागे नेतो, पुन्हा थांबवतो.
हॉर्न वाजला की उठतो.
तीनशे दोनवाले उशिरा येतात.
सरासरी साडेबारा.

तिसऱ्या आठवड्यात तीन पेपर तपासायला आले.
नावं नव्हती. नियमच तसा:
तुम्ही तिघांचे तपासा, तुमचा तिघं तपासतील,
कोणी कोणाला ओळखायचं नाही.
एक होता कुठल्या थंड मुलखातल्या माशांचा.
एक बसच्या वेळांचा.
तिसऱ्यात लिहिलेलं:
पोह्यांवर गिऱ्हाईक किती पळ्या तर्री घेते,
प्लेटा चाळीस, सकाळी सात ते नऊ.

मी केबिनमध्ये एकटाच हसलो.
तर्री मोजणारा माणूस
दुसऱ्या कोणत्या गावचा असणार बे?

पण त्यानं भागलं होतं चाळीसनं.
भागायचं होतं एकोणचाळीसनं.
तीन गुण कापले
आणि शेऱ्याच्या चौकटीत सरळ मराठीत लिहिलं:
एक कमीनं काहून भागायचं ते मले बी समजलं नाई.
तुले समजलं त सांगजो.
मनीषनगर, फाटकावर, रात्री.

आठ दिवसांनी एक स्प्लेंडर येऊन थांबली.
अकरा फाटकं विचारत आलो म्हणाला.
रजिस्टर पुढे केलं.
नाव: गुणवंत हेडाऊ, गोळीबार चौक.
कोणाकडे: कोरं सोडलं.
भेटीचं कारण: तीन गुण.

मग त्याच्या ओळखीनं नौशाद आला,
ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचं दुकान बंद करून.
मेडिकलच्या ड्युटीआधी अर्धा तास विशाखा मेश्राम.
आणि अजनी शेडमधून रिटायर झालेले शेंडेकाका,
ज्यांना पट्टीवरचं इंग्रजी वाचता येतं
पण गणितापाशी घाम फुटतो.
मे महिना. रात्री दहालाही
पत्रा हात लावू देत नव्हता.
आम्ही बाहेर, बंद पडलेल्या कूलरच्या स्टँडवर,
पाण्याच्या कॅनवर, जमिनीवर.

नौशाद म्हणाला, समजा पाच जणांनी पैसे काढायचे,
सरासरी दहा यायलाच पाहिजे.
बोला.
विशाखा म्हणाली, आठ.
काकांनी पंधरा काढले, पेन्शनीचा तोरा.
हेडाऊ सात. नौशाद बारा.
आणि चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

माझे आठ.
मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

हेच, नौशाद म्हणाला. चौघं मोकळे, पाचवा बांधलेला.
सरासरी एकदा ठरली
की कोणीतरी एक जण बांधला जातोच.
तेवढा एक वजा करायचा.

कोणी काही बोललं नाही.
नौशादला स्वतःलाच कसंसं झालं असावं,
तो बॅटरीच्या डागाचा हात पँटला पुसत बसला.
मी म्हटलं, समजलं बावा, आता पुढचं सांग.
खरंच समजलं होतं.
इतक्या रात्री मास्तरांनी तेच सांगितलं होतं,
फक्त त्यात मी नव्हतो.

विशाखाची पाळी बदलली, सहाव्या आठवड्यात ती सुटली.
तिच्या वह्या मात्र इथेच, ड्रॉवरमध्ये, चाव्यांच्या खाली.
काका दोनदा नापास.
तरी येतात, म्हणतात, घरी झोप कुठे लागते.

शेवटच्या परीक्षेला एक तास.
एकदा सुरू केली की घड्याळ थांबत नाही.
वीस मिनिटं उरली होती, चार प्रश्न,
आणि हॉर्न.
मी उठायला गेलो
तर हेडाऊ आधीच फाटकापाशी पोचलेला,
कडी काढताना नेहमीसारखी अडकली
आणि त्यानं तिला माझ्यासारखाच गुडघा दिला.

त्या रजिस्टरात सगळ्या रात्री माझ्या अक्षरात आहेत.
एक ओळ सोडून:
तीनशे दोन, बारा चाळीस.