जस्ताच्या एकोणतीस नळ्या

कथील विकत घेताना ओताकार आजोबा
कांब कानाशी धरून वाकवायचे.
आतून करकर ऐकू आली तरच पैसे मोजायचे.
खरं कथील वाकताना रडतं, म्हणायचे,
गप्प वाकलं तर समज, शिसं फार.

मोरावियातल्या या गावात
ऑर्गनच्या दर्शनी रांगेतल्या एकोणतीस नळ्या
सतरा साली बादशहाचे शिपाई घेऊन गेले.
पावती दिली. किलो, ग्रॅम, सही.
सुरांचा रकाना पावतीत नव्हता.
कुठल्या एंजिनाच्या बेअरिंगमध्ये,
कुठल्या मटणाच्या डब्याच्या डाखात
एखादा खर्ज गेला असेल,
कोण सांगणार?

लढाई संपली तेव्हा कथील परवडेना.
पणजोबांनी जस्ताचा पत्रा आणला,
वळवला, डाख दिला, चंदेरी रंग मारला.
लांबून कळायचं नाही.
वाजली की कळायचं:
पडसं झालेल्या माणसाने
घोंगडीआडून हाक मारावी तसं.
त्याच आवाजात गावाने शंभर वर्षं
लग्नं लावली, माणसं पोचवली.

यंदा पैसे जमले.
मी दगडी टेबलावर कापड ताणलं,
निम्मं कथील, निम्मं शिसं
मुशीतून लाकडी खोक्यात ओतलं
आणि खोकं एका दमात टोकापर्यंत ओढत नेलं.
मागे राहिला तो आधी आरसा, मग गढूळ,
मग एकेक ठिपका,
सावकाश,
कुणी विचार करून टाकावा तसा.
एवढ्या वेळात मी कुणाशी बोलत नाही.

तेवढ्यात श्कोपालोवाबाई आल्या,
पिशवीत बारशाचा मग घेऊन. यातच ओता.
बूड खरवडून पाहिलं: अँटिमनी, थोडं तांबं.
हिणकस नव्हे, पण नळीच्या कामाचं नाही.
त्यांनी वाद घातला नाही.
म्हणाल्या, मग जुनी एक राहू दे,
डावीकडची शेवटची.
दुसऱ्या कडव्याआधी ती खोकते.
त्या खोकल्यावर आम्ही श्वास घेतो.

अठ्ठावीस बदलल्या.
तिचा फक्त रंग पुसला.
पितळ उघडं पडतं ते लाजेनं;
हे जस्त उघडं पडलं ते करडं, निवांत,
पावसाळी सकाळी
खिडकीशी बसलेल्या म्हातारीसारखं.

बाई मग परत घेऊन गेल्या.
फाटकापाशी थांबून त्यांनी त्याचा कान
कानाशी नेला, हळूच वाकवला.
रडला का,
मला इथून ऐकू आलं नाही.