गुरुवारची फरशी

बसस्टेशनातल्या तिन्ही संडासांच्या फरश्या मी पुसते,
सकाळी सहाला, दुपारी दोनला.
गुरुवारी मात्र अकरालाही एकदा,
फक्त त्या कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीची.
त्याची नोंद वहीत नाही, पगारातही नाही.

अकरा वीसची बस किनाऱ्याकडून येते.
आधी ब्रीद उतरते, मग रॅम्प, मग लोर्कन.
तिचं नाव ब्रीद. आमच्या आयर्लंडात ते नुसतं नाव.
लोर्कन बावीस वर्षांचा, एकाहत्तर किलो,
हसला की सगळ्या फलाटांना कळतं.
इस्पितळाची वेळ साडेबाराची,
घर दोन तास मागे,
आणि पॅड काही वेळापत्रक बघून ओलं होत नाही.

दारावर खुर्चीतल्या माणसाचं चित्र आहे, निळ्यावर पांढरं.
तो ताठ बसलाय. त्याला कुणाला उचलावं लागत नाही.
आत एक दांडी, एक लाल दोरी,
आणि बाळांसाठी भिंतीतून खाली येणारी फळी.
'पंधरा किलोपर्यंत' असं तिच्यावर लिहिलंय.
लोर्कन पंधरा किलोचा होता
तेव्हा साडेतीन वर्षांचा होता.
पुढे काय करायचं, ते फळीवर लिहिलेलं नाही.

म्हणून ब्रीद कोट काढते.
हिरवा, लोकरीचा, बहिणीच्या लग्नातला.
अस्तर वर करून अंथरते
कमोड आणि भिंतीच्या मध्ये,
जिथून मी रोज काय काय पुसते
ते मी सांगणार नाही.
एकदा दार धरायला तिनं मला बोलावलं.
आधी तिचे गुडघे टेकले,
मग त्याचं डोकं तिच्या दंडावर,
मग बाकीचा तो, हळूहळू,
ओहोटीत होडी वाळूवर बसते तसा.
"गार आहे रे राजा, माहितीये मला."
तो छताकडे बघून हसत होता.

मार्चमध्ये ती कौन्सिलच्या बैठकीत बोलली.
मी मागच्या रांगेत, कामाच्या कपड्यांत.
माणसाएवढा एक बाक, म्हणाली,
आणि छताला एक उचलणारं यंत्र. बाकी काही नको.
श्री. गेराटी म्हणाले, वापर किती जणांचा?
ती म्हणाली, जे घरीच बसलेत त्यांना कसं मोजू?
मग तिनं पिशवीतून कोट काढला
आणि त्यांच्या लांब टेबलावर पसरला,
अस्तर वर.

कुणीतरी कप उचलून घेतला.
कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.
गेराटी अगदी सौम्यपणे म्हणाले,
"बाई, तो तेवढा खाली ठेवाल का?
इथे आम्ही चहा घेतो."

तिनं ठेवला नाही.
उभीच राहिली, हात कोटावर,
आणि खोलीतल्या प्रत्येकाला
आपण आत्ता काय बोललो ते ऐकू येईपर्यंत
तिनं वाट बघितली.
सगळ्यांना आलं असं नाही.
विषय सप्टेंबरवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला
मी मोठ्या खोलीचं दार आतून लावलं
आणि फरशीवर आडवी झाले.
माझीच पुसलेली, तरी ओशट.
गारवा आधी खांद्यांत शिरला, मग कंबरेत.
कमोडची खालची बाजू अशी दिसते
हे अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं.
छतावर एक डाग आहे, बदकासारखा,
मान वळवून मागे बघणारा.
याच्याकडे बघून हसतो होय, म्हटलं.

छत रंगवायला माणसं येणार आहेत.
सुपरवायझरला मी सांगितलंय,
तेवढा कोपरा राहू दे.
त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

आज गुरुवार. बस उशिरा आहे.
बादलीत गरम पाणी घेतलंय, वाफ निघतेय,
फरशी थोडी तरी कोमट राहील.
तेवढ्यानं काय होणार आहे.