सात माणसं, पाच रात्री

पेट्रोल दोन पिंपं, वर एक कॅन हाताशी,
कारण तांबोपाता उतरली की नाव ढकलावी लागते
आणि ढकलणाऱ्याची तहान मोटरीपेक्षा जास्त.
तांदूळ. अंडी, भुशात पुरलेली.
कसाव्याचा भाजका रवा, केळी हिरवी.
एक बाई कांदा खात नाही.

रबरी बूट सात जोड. मापं आली आहेत,
पण एकाचा पाय सत्तेचाळीस नंबरचा,
तसला बूट अख्ख्या बाजारात नाही.
एउसेवियो म्हणतो, चालव त्याला अनवाणी,
मुंग्या शिकवतील.
एउसेवियो माझा भाऊ. नाव तो हाकतो,
तोंड मात्र त्याला हाकत नेतं.

पत्रात विचारलंय:
जग्वार दिसण्याची शक्यता किती टक्के?
टक्के मला ठाऊक नाहीत.
टोणपे ठाऊक आहेत.
एकोणीस वर्षांत तो मला अकरा वेळा दिसला,
त्यातला एकदा नुसती शेपूट,
ती मी धरते,
एउसेवियो धरत नाही.

लिहिते: पहाटे साडेचारला निघायचं,
समोरच्या कड्यावर मकाव माती खायला उतरतात.
का खातात, ते शहाण्यांना विचारा.
धाकट्याच्या वेळी
माझे डोहाळे त्याच कड्याच्या मातीचे होते,
हे लिहीत नाही.

आणि जुलै आहे.
दक्षिणेकडून फ्रियाहे येईल, ती थंडी,
वसुलीला आल्यासारखी
तीन तीन दिवस दारातून हलत नाही.
माकडं एकमेकांच्या काखेत शिरतात,
पोपट मुके,
कासवं ओंडक्यावर येत नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मागच्या साली असाच अडकला
आर्विद्स, लॅट्वियाचा, पोस्टातून निवृत्त झालेला.
त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला.
दुर्बीण गळ्यात, आणि तीन दिवस
माझ्या चुलीपाशी
ब्राझील नट फोडत बसला,
आधी बोट, मग कवच, मग हळूहळू फक्त कवच.
चौथ्या दिवशी बुटात पाय घातला
तर आत बेडूक, नखाएवढा, निळसर.
त्याने बूट काढला नाही की ओरडला नाही,
एका पायावर उभा राहिला,
टपालाची पिशवी सांभाळावी तसा
तो बूट दोन्ही हातांत धरून.
परतीच्या नावेत बसेपर्यंत
त्याने जग्वारचं नाव काढलं नाही.

तर पत्राचं उत्तर:
बूट रात्री उलटे ठेवा.
की सुलटेच ठेवा म्हणू?

खालून हाक येते,
पाणी कालपासून वीतभर उतरलंय,
उद्याच सामान वर न्यायला हवं.
मेणबत्त्या. मीठ. दोरी नवी.
ब्लँकेटं सात.
नाही, आठ.
एउसेवियो कबूल करणार नाही,
पण त्यालाही वाजते.