रिकामं तास

सात नळ्यांच्या पेरणीयंत्राची मधली नळी
चंद्रकलानं बंद केली,
माझ्या जुन्या दुपट्ट्याची चिंधी कोंबून.
ट्रॅक्टरवाला मोहसीन हसला,
"काकू, बियाणं वाचवून रायल्या का?"
"नाही रे, पाण्याले जागा ठेवून रायली."

सहा तासं सोयाबीन, एक तास काहीच नाही.
पुन्हा सहा. पुन्हा काहीच नाही.
दौलतभाऊनं धुऱ्यावरून मोजलं
आणि अशी मान हलवली,
जसं भरल्या ताटावरून कोणी उठून गेलं.
माझ्या बापानं धुरासुद्धा वीतभर कोरून पेरला होता.
त्याच्याच वावरात मी माती उघडी सोडली.
आठ दिवस पारावर गेलो नाही.

तसं ठाऊक सगळ्यांनाच आहे.
आर्द्रा धूळ उडवत जाते,
हत्ती येऊन बसतो तो सोंगलेल्या ढिगावर,
थंडी हरभऱ्याला नुसती शिवून जाते.
मोबाईलवर अंदाज येतो, तो खरा ठरतो
नदीपलीकडच्या गावात.
हे सगळं दौलतभाऊच सांगतो, रोज, चहाच्या टपरीवर,
माझ्यापेक्षा चांगलं.
ठाऊक असायला काही लागत नाही.
एक तास सोडताना मात्र
पोटात खड्डा पडतो.

डवऱ्याला दोरी गुंडाळून
तिनं त्या रिकाम्या तासात सरी पाडली.
पोळ्याच्या आधी एका रात्रीत
तीन दिवसांची झड कोसळली.
टॉर्च घेऊन गेलो.
सरीसरीतून गढूळ पाणी निघालं होतं
नाल्याकडे,
शाळा सुटल्यासारखं.
मी तिथंच उभा राहिलो, चिखलात, बराच वेळ.
चौथ्या दिवशी दौलतभाऊचं वावर पिवळं पडलं.
मी त्या वाटेनं जायचं टाळलं.

आमचं साधलं, असं म्हणत नाही.
दसऱ्याला हत्ती आला,
ताडपत्री कमी पडली,
खालच्या शेंगांना कोंब फुटले.
चंद्रकला ढीग उलथत म्हणाली,
"आता याले काय करावं, ते अजून समजलं नाही."
त्या रात्री तिनं वहीत तारीख लिहिली, फक्त तारीख.

पुढच्या रोहिणीत, दिवेलागणीला,
दौलतभाऊ दारात आला.
बस म्हटलं, बसला नाही.
पावसाचं बोलला नाही, भावाचंही नाही.
चपलेनं उंबऱ्याची माती खरवडत राहिला,
मग आत पाहून म्हणाला,
"वहिनी, ते चिंधी...
सुती होती, का टेरिकाटची?"