वीस तास

आठवड्याला वीस तास, एवढीच परवानगी होती.
एकविसावा तास कुणाचा,
ते मी कधी विचारलं नाही.

गॉलवेत, मासळीच्या दुकानामागे,
पहाटे पाचला रबरी बुटांत उभी राहून
सामनचे काटे चिमट्याने उपटायचे.
साडेबाराला संख्याशास्त्राचा तास.
मागच्या बाकावर बसायची,
वासासाठी.

आईला फोनवर सांगितलं, लायब्ररीत काम मिळालं.
शांत असतं गं.
अगदीच खोटं नव्हतं. बर्फ बोलत नाही.

पदवीनंतर आणखी दोन वर्षांचा शिक्का.
एकशे अकरा अर्ज.
'आपल्या व्हिसाची जबाबदारी घेता येत नाही,
पुढील वाटचालीस शुभेच्छा.'
शुभेच्छा मात्र सगळ्यांनी दिल्या.
काटे उपटतच होते मी, आता पूर्ण वेळ,
गळ्यात पदवीदानाचा स्कार्फ, थंडीसाठी.

आज बुधवार. डिचोलीचा बाजार.
शेवंती पागीचं मनगट सुजलंय,
विसवण तसंच पडून.
म्हटलं, दे इकडे.
आडोळी हाताला परकी, म्हणून सुरीच मागून घेतली.
शेपटीकडून शिरले, कण्याला लागून,
एकाच ओढीत, कातडी अखंड.
मग बोटाच्या टोकाने चाचपत राहिले
उरलेला एखादा काटा,
इथे कोण बघतंय हे विसरून.

"खंय शिकलें गो तूं हें?"

आई सुटे पैसे मोजत होती. थांबली.
फळीवरून बर्फाचं पाणी टपकत होतं.
"लायब्ररीत," मी म्हटलं.

आईने पिशवी पुढे केली.
"तकली वेगळी बांद," शेवंतीला म्हणाली,
"हुमणाक जाय."