नवटाक उजेड

मोन्तेविदेओत पहाटे चारला
तळघरातलं यंत्र शेरभर उजेड काढतं.
शेर हे माप आपलं. तिथं ते वेगळंच काही मोजतात,
पण विल्मार एचेवेर्रीला त्यातलं एकही नको,
तो घड्याळ बघतो:
एकशे दहा मिनिटांत निम्मं.

शिशाची पेटी, तीस किलो.
आत बोटभर कुपी.
पेटी पट्ट्यानं आवळून तो पाच नंबरच्या रस्त्याला लागतो,
शेजारी थर्मास, मातेचा कडू चहा,
आणि रेडिओवर गुरांचे भाव.

दुराझ्नोच्या अलीकडे अच्छेर.
धुकं. नीलगिरीच्या रांगा. लाकडाचे ट्रक.
पासो दे लोस तोरोसच्या पुलापुढं पावशेर.
कुठं गळत नाही, कोणी चोरत नाही,
तरी कमी होत जातं.
दूध असतं तर लोकांनी त्यालाच धरलं असतं.

ताकुआरेम्बोला पोचतो तेव्हा नवटाक.
तेवढंच लागतं.
डॉक्टर सारालेगींनी हिशेब आधीच मांडलेला असतो:
शेरभर काढायचं
आणि त्यातलं साडेतीन पाव
रस्त्याला द्यायचं.

आज नेल्ली बिदेगाइन.
एकतीस वर्षं माळावरच्या शाळेत शिकवलं,
आता आठवड्याचे वार हातातून सुटतात.
रक्ताची नळी थोडं बोलली आहे,
पण सारालेगीबाई एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत.
पूर्वी हे बघायला डोकं उघडावं लागे,
तेही माणूस गेल्यावर.
आता दंडातून उजेड वर चढतो
आणि जिथं गाळ साचलाय तिथं चिकटून बसतो.
पडद्यावर जितकं लख्ख, तितकं वाईट.
दीड वर्षानं पुन्हा काढतील चित्र.
तेव्हा सगळे
काळोखासाठी नवस बोलतील.

मधल्या दीड वर्षात दर महिन्याला एक सलाईन.
त्यात नवं औषध आहे की नुसतं मीठपाणी,
ते सारालेगींनाही ठाऊक नाही.
पाकिटं कुठल्याशा कुलुपात आहेत, दुसऱ्या देशात.

सुई टोचून झाली की तासभर बसवतात बाईंना, एकटीला.
दोन मीटर लांब राहा, नर्स सांगते.
म्हणजे शहरातून इथवर जे शिशात गुंडाळून आणलं
ते आता लोकरीच्या स्वेटरमध्ये बसलंय,
वरचं बटण चुकीच्या काजात.

विल्मार सही घ्यायला दारात उभा.
बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
‘आज उशीर केलास. पोरं उपाशी आहेत.’

नर्स काही सांगायला पुढं झाली.
विल्मारनं टोपी काढली.
‘रस्त्यात गाई होत्या, बाई.’
‘गाई रोजच असतात,’ त्या म्हणाल्या,
‘लवकर निघत जा.’
‘हो, बाई.’

परतीला पेटी रिकामी.
वजन तेवढंच, तीस किलो.
वजन सगळं शिशाचंच होतं म्हणायचं.

चित्रात काय निघालं ते ड्रायव्हरला कोणी कळवत नाही,
त्यानंही विचारलं नाही.
घरी बायको म्हणाली, गप्प का?
तो म्हणाला, गाई होत्या रस्त्यात.

पुढच्या मंगळवारी फ्लोरिदाच्या फाट्यावर
बेकरी नुकतीच उघडत होती.
चार मिनिटं थांबला. चार मिनिटं म्हणजे किती उजेड,
ते वहीत लिहावं लागतं; लिहिलं.
गरम पाव, कागदात, पेटीच्या शेजारी ठेवला.

आज यादीत दुसरंच नाव होतं, सालतोकडचे कोणी म्हातारे.
ते त्याला ठाऊक होतं.
बेकरीपाशी थांबला तेव्हाही ठाऊक होतं.

पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली,
मागं कुपीत पावशेर उरलेलं,
आणि पाव त्यानंच खाल्ला, उभ्याउभ्या,
रिओ नेग्रोकडं बघत,
घाईघाईनं,
मधली सुट्टी संपत आलेल्या पोरासारखा.