तीन नंबरचा पंखा

पहिला गेला तेव्हा मी फक्त पंखा बदलला.
चार स्क्रू, वीस मिनिटं, चहा,
परतीचे पन्नास किलोमीटर.
दुसरा गेला तेव्हा कंपनीला शिव्या घातल्या.
तिसऱ्या वेळी
जिनिंगच्या सर्व्हरला कोणीतरी लिंबू-मिरची बांधलेली,
आणि तिच्याआडून
पिवळा दिवा लुकलुकत होता, बेशरम.

काटा बंद. कापसाच्या गाड्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत.
काट्यावरच्या खंडारे मॅडम पावत्या हातानं लिहीत होत्या,
मान वर न करता म्हणाल्या,
"येता तुम्ही नेहमी, पण होत काहीच नाही."

मग अदलाबदल केली.
एकचा पंखा तीन नंबरात, तीन नंबरचा नवा पंखा एकात.
नऊ दिवसांनी मेला
तीन नंबरात बसलेलाच.
म्हणजे गुन्हा पंख्याचा नव्हता, जागेचा होता.
पण जागा म्हणजे तरी काय,
चार इंच पत्रा
आणि त्याच्यासमोरची हवा.

व्होल्टेज तपासलं, ठीक.
रुईचा संशय घेतला, कारण इथे रुई सगळीकडेच,
भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर.
जाळीवर निघाली चिमूटभर.
एवढ्यानं मरत नाही कोणी.

रात्री तिथेच थांबलो, खुर्चीवर पाय टाकून.
सगळे पंखे एका सुरात, तीन नंबर जरा घोगरा.
दोन वाजता दार सरकलं.
मुंगसाजी ढोके, चौकीदार, हातात बादली.
पावलाचा आवाज न करता कूलरची टाकी भरली,
ताट्यांवर दोन तांबे वरून ओतले,
मग कूलरचं तोंड हलकेच वळवलं
नेमकं तीन नंबराकडे.

"याले जास्त गरम होते," मला जागा पाहून म्हणाला,
"हात लावून पाह्यलं ना मी.
शिमग्यापासून दर दोन घंट्यानं पाणी टाकतो,
एक रात बी चुकली नाही."

मेलेला पंखा खिशात होता. उघडला.
दांड्याभोवती पांढरं काही. रुई वाटली, पण नखानं निघेना.
जिभेवर ठेवलं.
खारट.

बोअरचं पाणी. खारपाण पट्टा.
तालुक्याचं नाव दर्यापूर,
दर्या कुठे दिसत नाही, पण मीठ त्याचं.
या पाण्यात डाळ शिजत नाही,
साबणाला फेस येत नाही.
कूलर ते बारीक उडवत होता रात्रभर,
आणि पंखा ते ओढून घेत होता
श्वासासारखं.

"काय निंगालं?" मुंगसाजी माझ्या जिभेकडे पाहत होता.
"धूळ," मी म्हणालो.

रिपोर्टात लिहिलं: दमट हवा, क्षार.
'जबाबदार व्यक्ती' हा रकाना मोकळा सोडला.
साहेबांच्या केबिनमधला जुना एसी इकडे आला,
कूलर गेला फाटकावर, मुंगसाजीच्या खाटेसमोर.
"मले कायले?" एवढंच म्हणाला तो.

परवा खंडारे मॅडमचा फोन आला, वेगळ्याच कामाचा.
पंखा?
फिरतोय. किती दिवस झाले मी मोजत नाही,
मोजलं की दिवा लागतो असा अनुभव आहे.
ठेवता ठेवता म्हणाल्या,
ढोकेबाबा दोनला उठतातच अजून.
रिकाम्या हातानं येतात,
दाराच्या काचेला कान लावतात,
आणि सकाळी मला विचारतात,
त्यानं पाणी मांगणं बंद केलं का हो?